ठरलं की ठरवलं?

सिल्वासा, 2 ऑगस्ट

चि. मुक्ता,


तुझी जपानीच्या सरावाची वाक्यं वाचली. अक्षर सुरेख, पण प्रत्येक निर्णयाला तू 'कोतो नि नारिमाशिता' लावलंयस. डिसेंबरच्या एन-4 परीक्षेआधी हे नीट समजून घे.

त्यासाठी इंग्रजीकडे वळू नकोस, मराठीच धर. 'इकु कोतो नि शिमाशिता' म्हणजे जायचं ठरवलं. 'इकु कोतो नि नारिमाशिता' म्हणजे जायचं ठरलं. उदाहरणच घे: आज आमच्याकडे मुक्तिदिन. 1954 साली राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी सिल्वासा पोर्तुगीजांकडून सोडवायला निघाली ती आपल्या मनाने, जीव धोक्यात घालून. तिथे 'शिमाशिता'च हवं. 26 जानेवारी 2020 पासून आमचा प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला. तो कायदा संसदेत झाला, तेव्हा आम्ही सिल्वासाकर 'नारिमाशिता' म्हणणार.

नकाराला जास्त जप. 'इकानाइ कोतो नि शिमाशिता', म्हणजे न जायचं ठरवलं. नकार 'इकु'ला लागतो, शेवटच्या क्रियापदाला नाही. 'जायचं ठरवलं नाही' याचा अर्थ वेगळा, हे तुला मराठीत कुणी शिकवायची गरज पडली नाही. रोज सकाळी धावायचा नेम केला असेल तर 'हाशिरु कोतो नि शिते इमासु'. आणि अजून पक्कं नसेल तर 'इकोओ तो ओमोत्ते इमासु'. आपण 'जायचं म्हणतेय' म्हणतो ना, अगदी तेच.

आता यातली खरी खुबी. जोडीदार स्वतः निवडलेला असला तरी जपानी माणूस बहुधा 'केक्कोन सुरु कोतो नि नारिमाशिता' असंच कळवतो. स्वतःचा 'मी' पुढे न करण्याची ती रीत आहे, आणि मला ती फार आवडते. आपल्याकडेही लग्न 'ठरतं'च.

पण तुझ्या पत्राच्या शेवटी, नोकरी सोडून जपानला शिकायला जायचं 'ठरलं', असं तू लिहिलंयस. ऑफिसात साहेबांना तसं सांग, शोभेल. बाबांना मात्र 'ठरवलं' असंच सांग. ते फीचं विचारतील, परत आल्यावर काय करणार ते विचारतील, आणि 'ठरलं' म्हणालीस तर कुणी ठरवलं हेही विचारतील. बोलणं लांबेल, रागावतीलही. तरी आईला मध्ये घालू नकोस, स्वतः बोल.

राखीला येतेयस ना? गाडी कळव, वापी स्टेशनवर न्यायला येते.

तुझी,
मावशी