🚜 *ट्रॉली उभी असली तरी टायर झिजतात! पावसाळ्याआधी एवढं करा*



ऊस वाहतुकीचा हंगाम संपला. आता दिवाळीपर्यंत बऱ्याच ट्रॉल्या बांधावर नाहीतर गोठ्याशेजारी उभ्या राहणार. नोव्हेंबरमध्ये पहिलीच खेप भरली की टायर फुटतो आणि आपण म्हणतो, "चार महिने तर नुसती उभी होती!" खरं तर टायर तिथंच, उभ्या-उभ्या गेलेला असतो.

*असं का होतं?*
▪️ टायरच्या रबरात संरक्षक मेण असतं. चाक फिरताना रबर दबतं-सुटतं, तेव्हा ते मेण वर येत राहतं. चाक थांबलं की मेण येणं मंदावतं. मग ऊन आणि हवेतला ओझोन यांमुळे बाजूला बारीक भेगा पडतात.
▪️ सगळा भार महिनोन्‌महिने एकाच जागी पडतो. हवा कमी असेल तर तिथला टायर मोडल्यासारखा दुमडतो आणि आतले धागे कमजोर होतात.
▪️ भेगांतून पाणी आत गेलं की नुकसान वाढतं.

*काय करायचं?*

1️⃣ *धुऊन घ्या.* चिखल, शेण, खताचे कण साध्या पाण्याने काढा. खत राहिलं तर रिमला गंज चढतो. डिझेल किंवा रॉकेलने टायर पुसू नका. ट्रॉलीच्या फळ्यांना जळकं ऑइल लावताना ते टायरवर सांडू देऊ नका. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं.

2️⃣ *भार काढा.* ट्रॉली रिकामी करा. पावसाळाभर तिच्यात सरपण, विटा, खताची पोती ठेवू नका.

3️⃣ *जमल्यास ठोकळ्यांवर घ्या.* कडक, सपाट जागा निवडा. दोनचाकी ट्रॉली असेल तर आधी पुढच्या दांडीला भक्कम टेकू द्या. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जॅक ॲक्सलखाली लावा, चाक जमिनीपासून दोन बोटं उचला आणि ॲक्सलखाली जाड लाकडी ओंडका सरकवा. विटा वापरू नका, भाराने फुटतात. ⚠️ *नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रॉलीखाली कुणीही शिरू नये. लहान मुलांना लांब ठेवा.*

4️⃣ *उचलणं जमत नसेल तर* चाकाखाली फळी घाला, हवा पूर्ण ठेवा. टायरच्या खालच्या बाजूला खडूने खूण करा आणि दर महिन्याला चाक पाव फेरा पुढे सरकवा.

5️⃣ *हवा.* टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका. महिन्यातून एकदा गेजने मोजा, लाथ मारून अंदाज घेऊ नका. व्हॉल्व्हला टोपी हवीच.

6️⃣ *झाका.* ऊन-पाऊस लागणार नाही, पण वारा खेळेल अशी ताडपत्री किंवा पोती टाका. वेल्डिंग मशीन आणि चालू मोटारीजवळ ट्रॉली लावू नका, तिथे ओझोन तयार होतो. सुटे टायर शेडमध्ये उभे ठेवा. उघड्यावर पडलेल्या टायरमध्ये पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात.

*हंगामाआधी तपासणी*
🔎 भेगेत धागे दिसत असतील, बाजूला फुगवटा असेल तर तो टायर उसाच्या खेपेला चालवू नका. आतून पट्टी टाकून भागवणं धोक्याचं आहे. भरलेली ट्रॉली रस्त्यात कलंडली तर टायरच्या पैशावर विषय थांबत नाही, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो.
🔎 टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. जुना टायर नवा म्हणून घेताना हे आधी बघा.
🔎 चाकाचे नट आवळा, बेअरिंगला ग्रीस भरा.

✅ *आजचं काम:* ट्रॉलीभोवती एक चक्कर मारा, चारही टायर हाताने चाचपा. भेग दिसली तर जवळून फोटो काढून ग्रुपवर टाका. शेजारी ट्रॉलीवाला असेल तर त्यालाही हा मेसेज वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी