गुप्तांगावर अचानक येणारे व्रण

गुप्तांगावर जखम झाली की आपल्याकडे पहिला संशय वर्तनावर जातो, रोगाचा विचार नंतर होतो. मुलगी अविवाहित असेल तर दवाखान्याआधी घरातच तिची उलटतपासणी सुरू होते. म्हणून संकोच बाजूला ठेवून आम्ही हा विषय मांडत आहोत. वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते.

व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ लिपशुट्झ यांनी १९१३ च्या सुमारास तरुण मुलींमधील अशा व्रणांचे वर्णन केले. कधीही शरीरसंबंध न आलेल्या मुलींनाही ते होतात. आधी ताप, घसादुखी, थकवा. मग एकाएकी योनीच्या बाहेरील भागावर खोल, करड्या-काळपट तळाचे व्रण. लघवीच्या वेळी असह्य आग होते. विषाणूच्या तापात शरीराची प्रतिकारयंत्रणा उसळते व त्यातून हे घडत असावे, असे मानतात. कोविडनंतरही असे रुग्ण आढळले. हे व्रण एकापासून दुसऱ्याला होत नाहीत आणि बहुधा दोन ते सहा आठवड्यांत भरून येतात. वेदनाशामक औषध, सुन्न करणारे मलम व कोमट पाण्यात बसणे यांनी आराम पडतो. लघवी अडली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलांमध्ये आणखी एक कारण दिसते, ते म्हणजे औषध. सल्फाच्या किंवा अंगदुखीच्या काही गोळ्यांनी शिश्नाच्या टोकावर फोड येऊन कातडी सोलते. तीच गोळी पुन्हा घेतली की पुन्हा त्याच जागी! मागे काळसर डाग राहतो. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीचे नाव कोणाच्या लक्षात राहते? रिकामे पाकीट जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

व्रण वारंवार येत असतील, सोबत तोंड येत असेल व डोळे लाल होत असतील, तर बेहचेट या आजाराची शंका घ्यावी. त्यात दृष्टीला धोका असतो.

नागीण-जातीचा हर्पिस व उपदंश यांची तपासणी डॉक्टर करतीलच; त्यावरून मुलीला दोषी धरू नये. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असेल तर तेही तिला सांगता आले पाहिजे, यासाठी महिला डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्यावे. कुंडलकरांना किर्लोस्करवाडीहून रेल्वेने मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. सोबत आईने किंवा थोरल्या बहिणीने जावे.