समुद्रावर वैद्य कोठे शोधावा?

मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेट आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी, निदान फेरीबोटीच्या धक्क्यावरून तरी, पाहिलेले असेल. याच बेटावरील एका नौकाबांधणीच्या कारखान्यात २००९ साली 'म्हादेई' ही शिडाची नौका तयार झाली आणि तीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१० साली ते परतले. त्या नौकेची छायाचित्रे पाहताना मुले बहुधा एकच प्रश्न विचारतात : वादळ आले तर काय? आम्हांस मात्र दुसराच प्रश्न अधिक भेडसावतो. दाढ दुखू लागली तर काय? पोटात कळ आली तर काय? वादळ निघून जाते. पोटातील कळ आपल्याबरोबरच प्रवास करते.

मोठ्या जहाजांची गोष्ट निराळी. शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लहान नौकेला हे भाग्य कोठून लाभणार? तीवर दोघेचौघे असतात, कधी एकच. तेव्हा त्यांचा वैद्य दूर किनाऱ्यावर राहतो आणि त्याची गाठ आधीच घालून ठेवावी लागते.

व्हिक्टर याझिकोव्ह या रशियन नाविकाची हकिकत या बाबतीत फार बोलकी आहे. १९९८ साली एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत तो दक्षिण अटलांटिक महासागरात असताना त्याच्या उजव्या कोपरात गळू झाले व हात सुजून निकामी होऊ लागला. सुदैवाने शर्यतीच्या चालकांनी अमेरिकेतील बॉस्टन येथील डॉ. डॅनियल कार्लिन यांची योजना आधीच केलेली होती आणि औषधांची पेटीही नौकेवर होती. संगणकावरून उपग्रहामार्फत पत्रे सुरू झाली. गळू आपणच कापावे लागेल, असे डॉक्टरांनी कळवले आणि कृतीची एकेक पायरी लिहून पाठवली. हेलकावणाऱ्या नौकेत याझिकोव्हने डाव्या हाताने आपलाच उजवा हात कापला.

पू निघाला, पण रक्त थांबेना. घाबरून त्याने दंडाला रबरी दोरी घट्ट आवळली, तर हात थंड व बधिर पडू लागला. डॉक्टरांनी तत्काळ कळवले की दोरी सोड, जखमेवरच दाब दे. मग उलगडा झाला तो असा की, वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्याने आपल्या मनाने अॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्या होत्या. अॅस्पिरिन रक्त सहजी गोठू देत नाही, आणि गोळ्यांची ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नव्हती. अखेर तो केप टाऊनला सुखरूप पोचला, हातही वाचला. परंतु एवढा कुशल वैद्य लाभूनही एका न सांगितलेल्या गोळीने केवढा घोर निर्माण केला, हे पाहण्यासारखे आहे. घरी आजोबांची नाडी बघावयास आलेल्या 'दोतोरा'पासून गोळ्यांची पुडी उशाखाली लपवण्याची जी रीत आमच्या गावी आहे, तिची आम्हांस येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

बिनतारी यंत्रावरून वैद्यकीय सल्ला देण्याची प्रथा मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. रोम येथे १९३५ साली ग्विदो ग्विदा या डॉक्टराने असे एक केंद्र स्थापन केले. बिनतारी संदेशाचे जनक मार्कोनी हे त्याचे पहिले अध्यक्ष. कोणत्याही देशाच्या जहाजास हे केंद्र विनामूल्य सल्ला देते. परंतु दूरच्या डॉक्टरास रोगी दिसत नाही, त्याचे पोट चाचपता येत नाही. त्यामुळे नौकेवरील माणसालाच त्याचे डोळे व बोटे व्हावे लागते. दुखणे केव्हा सुरू झाले, नेमके कोठे, ते जागा बदलते काय. ताप किती, नाडीचे ठोके मिनिटास किती. कोणते औषध दिले आणि किती वाजता. आणि नौका या घडीला कोठे आहे, हे सारे आधी कागदावर उतरून मगच बोलावयास बसावे. 'फार दुखते आहे' या वाक्याने रोमच्या डॉक्टराला काहीच कळत नाही.

बंदरात पोचल्यावरही अडचणी संपत नाहीत. कोणता डॉक्टर चांगला, हे नवख्याला कोण सांगणार? अनुभवी नाविक त्याच बंदरात बरेच दिवस नांगर टाकून असलेल्या इतर नौकांवर चौकशी करतात, आपल्या देशाच्या वकिलातीकडून डॉक्टरांची नावे घेतात, आणि औषधांच्या दुकानदारालाही विचारतात. औषधाचे व्यापारी नाव तर दुसऱ्या देशात बहुधा कोणालाच समजत नाही. म्हणून मूळ नाव टिपून ठेवणे बरे. तेही दरवेळी पुरत नाही. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत असेटामिनोफेन म्हणतात! दात मात्र निघण्यापूर्वीच तपासून घ्यावेत, याविषयी सर्वांचे एकमत दिसते.

निशाणांची भाषाही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. निळ्या चौकटीत पांढरी व तीत तांबडी चौकट असलेले निशाण म्हणजे 'वैद्यकीय मदत हवी'. पिवळे निशाण रोगाचे असा समज आढळतो. आज त्याचा अर्थ नेमका उलट आहे : 'नौकेवर सर्व निरोगी आहेत, बंदरात येऊ द्यावे.'

आता पुन्हा गोव्याकडे वळू. २०१८ च्या शर्यतीसाठी 'तुरीया' ही नौकाही गोव्यातच बांधली गेली आणि कमांडर अभिलाष टॉमी तीतून एकटेच निघाले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने नौका कलंडली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठवेना, आणीबाणीची पिशवी नौकेतच असूनही तिथवर पोचणे कठीण झाले. किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर पोचेल अशी ती जागाच नव्हती.

अशा स्थितीत त्यांनी लहानशा यंत्रावरून मोजक्या शब्दांत कळवले की चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल; पायाची बोटे हलतात, पण बधिरपणा आहे; खाणेपिणे जमत नाही. यातील 'बोटे हलतात' हे दोन शब्द आम्हांस विशेष मोलाचे वाटतात. कण्याला मार बसला तरी त्यातील मज्जारज्जू पूर्णपणे तुटलेला नसावा, हे त्यावरून दूरच्या वैद्याला समजते. आणि रोग्याला उचलताना कण्याला किंचितही हिसका बसू न देणे किती अगत्याचे आहे, हे उचलणाऱ्यांना कळते. भारतीय नौदलाच्या विमानाने नौका शोधून काढली. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना स्ट्रेचरवरून उचलून आम्स्टरडॅम बेटावर नेले. हे हॉलंडमधील शहर नव्हे. महासागराच्या मधोमध एक फ्रेंच संशोधन केंद्र असलेले एकाकी बेट आहे. परंतु त्या केंद्रात एक डॉक्टर होता. तेथून 'सातपुडा' या युद्धनौकेने ऑक्टोबरमध्ये त्यांना विशाखापट्टणमला आणले.

शस्त्रक्रियेत त्यांच्या कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवाव्या लागल्या आणि चालणे नव्याने शिकावे लागले. २०२२ साली त्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले व एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.