मातीतले नाणे

सांडोरच्या एका वाडीत केळीसाठी खड्डा खणताना एका मुलाला काळपट, गोल तुकडा सापडला. शेजारचे मच्छीमार काका म्हणाले, "हे तर शिसे! वितळवून जाळ्याला लावीन. वीस रुपये देतो."

दुसऱ्या दिवशी मुलाने तुकडा वर्गात आणला. "सर, चिंचेने घासला तर चमकेल का?"

"घासू नकोस. अक्षरे असतील तर झिजतील. हे नाणे आहे की नाही, ते तज्ज्ञ सांगतील."

"शिशाचे नाणे?" मुले हसली.

सर म्हणाले, "सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात सातवाहन राजे होते. त्यांची बरीच नाणी शिशाची होती. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक पुस्तकात भडोच बंदरात येणाऱ्या मालाची यादी आहे. तीत शिसे आहे, सोन्याचांदीची नाणीही आहेत. रोमशी तेव्हा मोठा व्यापार चाले. आपल्या शेजारच्या सोपाऱ्याचे नावही त्या पुस्तकात आहे.

"१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचे 'बुरुड राजाचा कोट' हे टेकाड खणले. आत बौद्ध स्तूप निघाला. त्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णी राजाचे चांदीचे नाणे होते. त्या छोट्या नाण्यावरून त्यांनी काळाचा अंदाज बांधला. १९५६ साली आपल्या भुईगावात सम्राट अशोकाच्या लेखाचा दगड सापडला."

एका मुलीने विचारले, "सर, परदेशात लोक यंत्राने जमिनीतली नाणी शोधतात. आपणही शोधू या?"

"नको. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे तिच्याइतकेच महत्त्वाचे असते. ती उपटली की ही माहिती कायमची जाते. शिवाय १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते."

मुलगा गप्प झाला. वीस रुपये त्याला हवे होते. थोड्या वेळाने त्याने चिंच दप्तरात ठेवली आणि वही उघडली.

"सर, अर्जात खड्ड्याची जागाही लिहू ना?"

"आधी तीच लिही. मग अब्बांची सही घे."

शब्दार्थ
शिसे – सीसा, एक जड धातू
टेकाड – लहान टेकडी
करंडक – झाकण असलेली डबी
ठेवा – जपलेली मौल्यवान वस्तू, खजिना

स्वाध्याय
१. सरांनी तुकडा घासू का दिला नाही?
२. स्तूपातील नाण्याचा काय उपयोग झाला?
३. मुलाच्या वतीने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहा.