फाइल कोणी धरून ठेवलीय? मेनफ्रेमवाल्यांची पद्धत

व्हिडिओत हा मुद्दा जरा घाईत सांगितला, म्हणून इथे नीट लिहून देतोय.

ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी मी एका बँकेच्या मेनफ्रेमवर नाइट शिफ्ट केलीय. मेनफ्रेम म्हणजे हजारो लोकांचं काम एकाच वेळी पेलणारा मोठा कम्प्युटर. आयबीएमच्या झेड/ओएसवर फाइलला डेटासेट म्हणतात. नुसती वाचायची तर ती 'शेअर्ड' मागायची, दहा जणांना एकदम मिळते. बदल करायचा तर 'एक्सक्लुझिव्ह', म्हणजे एकट्यालाच. कोणाकडे काय आहे, हा हिशेब जीआरएस ठेवतं.

एका रात्री आमचा एक मोठा जॉब अडकला. कन्सोलवर मेसेज आला, जॉब डेटासेटसाठी थांबलाय. ऑपरेटरने 'डी जीआरएस,सी' कमांड दिली. लगेच दिसलं, फाइल कोणी धरलीय आणि रांगेत कोण आहे. धरणारा होता एक डेव्हलपर. फाइल वाचायला उघडली आणि स्क्रीन तशीच सोडून साहेब जेवायला! शेअर्ड असली तरी कोणी सोडेपर्यंत एक्सक्लुझिव्ह मागणाऱ्याला थांबावंच लागतं. ऑपरेटरने सेंड कमांडने त्याच्या स्क्रीनवर निरोप टाकला, पण वाचणार कोण? शेवटी फोन करून शोधला. त्याचं सेशन कॅन्सल करता आलं असतं, पण त्यात कोणाचं अर्धवट काम जाऊ शकतं, म्हणून आधी विचारायचं. तोवर सकाळचे रिपोर्ट लांबले.

आता गंमत बघा. थांबलेल्याला 'डेटासेट इन यूज' दिसतं, एफ१ दाबलं की नावही कळतं. ऑपरेटरला कळतं. ज्याने धरलंय त्याला मात्र आपण कोणाला अडवलंय, हे आपोआप कळत नाही. म्हणून तर ब्रॉडकॉमच्या एमआयएमसारखी, अशा टकरावाची सूचना देणारी सॉफ्टवेअर कंपन्या वेगळे पैसे मोजून घेतात.

तुमच्या दुकानात? स्टॉकची एक्सेल फाइल दुसऱ्याने उघडली असेल तर एक्सेल तुम्हाला त्याचं नाव सांगतं. त्याला काहीच सांगत नाही. ते काम तुमचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अरे फाइल कोणाकडे आहे?' असं हवेत विचारू नका. नाव घेऊन लिहा: "संदीप, स्टॉक फाइल तुझ्याकडे उघडी आहे. बिलिंग थांबलंय, गिऱ्हाईक उभं आहे. सेव्ह करून बंद कर." पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर फोन कोण करणार आणि फाइल बंद करायचा निर्णय कोणाचा, हे आजच ठरवून काउंटरजवळ चिकटवून ठेवा.