ओढणारे वाहन आणि ओढला जाणारा भार : पिकअप व निवासी ट्रेलर यांच्या जुळणीचा अभ्यास

पर्यटन, मोटार वाहन कायदा आणि पदार्थविज्ञान हे तीन विषय स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे येतात. रस्त्यावर मात्र ते एकत्र भेटतात. पिकअप वाहनामागे निवासी ट्रेलर जोडणे हे त्याचे उत्तम उदाहरण होय. निवासी ट्रेलर म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व प्रसाधनाची सोय असलेले, परंतु स्वतःचे इंजिन नसलेले फिरते घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या कॅरव्हॅन पर्यटन धोरणात इंजिन असलेल्या वाहनांबरोबरच ट्रेलर प्रकारातील कॅरव्हॅनचाही समावेश आहे. त्यामुळे 'कोणते वाहन किती ओढू शकते' हा प्रश्न आता केवळ मालवाहतूकदारांपुरता उरलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते आणि चूक नेमकी तेथेच होते. वाहनाला एक नव्हे, तर अनेक मर्यादा असतात. त्यांपैकी जी सर्वांत आधी गाठली जाते तीच खरी मर्यादा होय. प्रस्तुत लेखात हे तत्त्व उदाहरणासह समजून घ्यावयाचे आहे.

कायद्यातील संज्ञा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मध्ये काही मूलभूत व्याख्या दिलेल्या आहेत. नोंदणी प्राधिकाऱ्याने वाहनासाठी अनुज्ञेय म्हणून प्रमाणित केलेले वाहन व भार यांचे एकत्रित वजन म्हणजे एकूण भारित वजन. मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन म्हणजे ट्रेलर. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन पेलते, तो सेमी-ट्रेलर. व्याख्येनुसार तो ट्रेलरपेक्षा वेगळा मानला जातो.

कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रात नमूद केलेल्या एकूण भारित वजनापेक्षा अधिक वजन झालेले वाहन किंवा ट्रेलर चालविता येत नाही. कलम ११४ अन्वये अधिकाऱ्यास वाहनाचे वजन करून घेण्याचा आदेश देता येतो. कलम ६१ प्रमाणे नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू आहेत. तसेच ओढणाऱ्या वाहनाचा नोंदणी क्रमांक ट्रेलरवर प्रदर्शित करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड, शिवाय जादा भार उतरविण्याचा खर्च, अशी तरतूद झाली. पूर्वी हे आकडे अनुक्रमे दोन हजार व एक हजार रुपये होते.

कोरमंगल्याहून वाईपर्यंत : एक कल्पित उदाहरण

बंगळुरूच्या कोरमंगला भागात बंगळुरू मध्य विभागाचे प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. तेथे नोंदलेल्या वाहनांचे क्रमांक 'केए ०१' या अक्षरांनी सुरू होतात. कोरमंगल्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आपल्या पिकअपमागे निवासी ट्रेलर जोडून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर या मार्गाने सातारा गाठावयाचे आणि पुढे वाईहून पसरणी घाटाने पाचगणीस जावयाचे ठरविले, अशी कल्पना करू. खालील आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट वाहनाचे नाहीत.

पिकअपचे भाररहित वजन २,००० किलो, एकूण भारित वजनाची मर्यादा २,९०० किलो, ओढक्षमता ३,००० किलो आणि पिकअप व ट्रेलर मिळून संयुक्त वजनाची मर्यादा ५,२०० किलो. ट्रेलरचे एकूण भारित वजन २,५०० किलो. वाहनात पाच माणसे, म्हणजे ३५० किलो. मागील हौद्यात २०० किलो सामान. जोडणीचा हुक व हौद्यावरील आच्छादन ८० किलो.

पहिली कसोटी ओढक्षमतेची. ट्रेलर २,५०० किलो, मर्यादा ३,००० किलो. म्हणजे ५०० किलोंची सवलत शिल्लक. बहुसंख्य खरेदीदार येथेच थांबतात.

दुसरी कसोटी संयुक्त वजनाची. पिकअप, माणसे, सामान व जोडणी मिळून २,६३० किलो आणि ट्रेलर २,५०० किलो. बेरीज ५,१३० किलो. मर्यादा ५,२०० किलो असल्याने ही कसोटीही उत्तीर्ण होते.

तिसरी कसोटी पिकअपच्या स्वतःच्या एकूण भारित वजनाची. ट्रेलर केवळ मागून येत नाही. तो जोडबिंदूवर खाली दाबतही असतो. उत्तर अमेरिकेतील प्रघातानुसार अशा ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडबिंदूवर असावा लागतो. १२ टक्के धरल्यास तो ३०० किलो होतो आणि हा भार पिकअपच्या अंगावर येतो. २,६३० अधिक ३०० म्हणजे २,९३० किलो. मर्यादा ३० किलोंनी ओलांडली गेली. ओढण्याची ताकद भरपूर असूनही ही जोडी नियमबाह्य ठरली, ती वाहून नेण्याच्या मर्यादेमुळे.

चौथी कसोटी मागील ॲक्सलची. जोडबिंदू मागील चाकांच्याही मागे असल्याने तेथे तरफेचा नियम लागू होतो. पुढील व मागील ॲक्सलमधील अंतर ३ मीटर आणि मागील ॲक्सलपासून जोडबिंदू १.२ मीटर मागे धरल्यास, ३०० किलोंमुळे मागील ॲक्सलवरील भार ३०० × ४.२ ÷ ३, म्हणजे ४२० किलोंनी वाढतो. पुढील ॲक्सलवरील भार १२० किलोंनी घटतो. पुढची चाके हलकी झाल्याने वळण घेण्याची व ब्रेक लावण्याची परिणामकारकता कमी होते. याच कारणाने ॲक्सलचे व टायरचे आकडे स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

हौद्यातील सामान ट्रेलरमध्ये हलविले तर काय होईल? ट्रेलर आधीच आपल्या मर्यादेवर आहे. तो २,५०० किलोंच्या पुढे जाईल. सामान ट्रेलरच्या अगदी मागील बाजूस ठेवून जोडबिंदूवरील भार कमी केला तर? आकडा कागदावर जमेल. परंतु मागे जड असलेला ट्रेलर वेग वाढताच डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ओढणाऱ्या वाहनालाही बरोबर खेचतो. म्हणून जोडबिंदूवरील भार टाळता येत नाही. तो हिशेबात धरावा लागतो.

योग्य उपाय दोनच : सामान घरी ठेवणे किंवा लहान ट्रेलर निवडणे. २,००० किलो भारित वजनाचा ट्रेलर घेतल्यास जोडबिंदूवर २४० किलो येतील आणि पिकअपचे वजन २,८७० किलो होईल. जोडी मर्यादेत बसते; सवलत मात्र केवळ ३० किलोंची राहते.

येथे विक्रीपत्रकातील वजनाविषयी सावध राहणे आवश्यक आहे. तेथे बहुधा रिकाम्या ट्रेलरचे वजन दिलेले असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले. १४.२ किलो वायू असलेला घरगुती गॅस सिलिंडर टाकीसह ३० किलोंच्या आसपास जातो. अंथरूण, भांडी, शिधा यांची भर वेगळीच. त्यामुळे प्रवासास निघण्यापूर्वी भरलेली जोडी वजनकाट्यावर नेणे हाच खात्रीचा मार्ग होय. आधी फक्त पुढील चाके, मग पिकअपची सर्व चाके आणि शेवटी ट्रेलरसह पूर्ण जोडी, अशी तीन वजने घेतली की प्रत्येक ॲक्सलचा हिशेब वजाबाकीने मिळतो.

परदेशी आकड्यांबाबतही हीच दक्षता हवी. बंगळुरूजवळील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीचा कारखाना असून या कंपनीने २०२२ मध्ये हायलक्स हे पिकअप भारतात आणले. ऑस्ट्रेलियात या वाहनाच्या काही प्रकारांना ब्रेक असलेला ३,५०० किलोंचा ट्रेलर ओढता येतो. परंतु तो आकडा तेथील प्रकाराचा व तेथील नियमांचा आहे. भारतातील मालकास येथील पुस्तिका व येथील नोंदणी प्रमाणपत्र हेच आधार.

चढापेक्षा उतार कठीण

इंजिन चढावर थकले तर वाहन संथ होते. ब्रेक उतारावर थकले तर वाहन थांबतच नाही. वाई ते पाचगणी या घाटात ५०० मीटरपेक्षा अधिक उंचीचा फरक आहे. पाच टनांची जोडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा ५,००० × ९.८१ × ५००, म्हणजे सुमारे २ कोटी ४५ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. एवढ्या ऊर्जेने सुमारे ७८ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत तापविता येईल. हवेचा व चाकांचा रोध आणि इंजिनाचा अवरोध यांनी जी ऊर्जा शोषली जात नाही, ती सारी ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठते. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवणे, वाहन न्यूट्रलमध्ये न सोडणे आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे या गोष्टी अत्यावश्यक ठरतात. युरोपीय संघात ७५० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या ट्रेलरला ब्रेक अनिवार्य आहेत.

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच महामार्गावर आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. उतारावर सुटलेल्या वजनाची किंमत पुढे चाललेल्या, संबंध नसलेल्या माणसांना मोजावी लागते.

उसाची ट्रॉली आणि सार्वजनिक रस्ता

निवासी ट्रेलर आपल्याकडे अजून विरळ आहेत. परंतु गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा व बेळगाव या जिल्ह्यांत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जातो. तत्त्व तेच आहे. क्षमतेपेक्षा जड ओझे चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, तर उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते. खेपा कमी व्हाव्यात आणि डिझेल वाचावे ही वाहतूकदाराची आर्थिक गरज खरी आहे. पण त्या बचतीचा धोका रस्त्यावरील इतरांवर पडतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात.

रस्त्याचीही झीज होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता चाचणीतून असे दिसून आले, की रस्त्याची हानी ॲक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भारतात रस्त्यांच्या संकल्पनासाठी ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन, हा प्रमाण ॲक्सलभार मानला जातो. १०.२ टनांचा ॲक्सल त्याच्या सव्वापट आहे. हानी मात्र सुमारे २.४४ पट. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार पावणेतेरा टक्क्यांनी वाढला, तर प्रत्येक फेरीतील हानी सुमारे १.६ पट झाली. वाहतूक स्वस्त होणे आणि रस्ता टिकणे यांतील हा तोल धोरणाचा प्रश्न आहे. मर्यादा कोठे आखावी यावर मतभेद असू शकतात. आखलेली मर्यादा मोडण्यास मात्र त्यातून परवानगी मिळत नाही. पैसे भरून जादा भार नेऊ देणारी राज्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात अमान्य केली, ती याच भूमिकेतून.

समारोप

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. नोंदणी प्रमाणपत्रावरील वजनाचा आकडा ही केवळ शासकीय औपचारिकता नाही. वाहनमालकाने रस्त्यावरील प्रत्येकाला दिलेली ती हमी आहे. ताकद इंजिनात असते. सुरक्षितता मात्र साखळीतील सर्वांत दुबळ्या कडीवर ठरते. ती कडी कोणती, हे शोधण्यास एक वजनकाटा, एक प्रमाणपत्र आणि थोडी बेरीज-वजाबाकी पुरेशी आहे.

स्वाध्याय

१. ओढक्षमता शिल्लक असूनही पिकअप व ट्रेलरची जोडी नियमबाह्य कशी ठरू शकते? उदाहरणासह स्पष्ट करा.
२. वरील उदाहरणात जोडबिंदूवरील भार १५ टक्के धरल्यास पिकअपचे एकूण वजन व मागील ॲक्सलवरील वाढ किती होईल?
३. 'जादा भार ही खाजगी बचत व सार्वजनिक खर्च यांची अदलाबदल आहे.' या विधानाची २०१८ च्या ॲक्सलभार सुधारणेच्या संदर्भात चर्चा करा.