ठिणगीचे काम

१९८० साली, गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होण्यापूर्वी, आमची पेट्रोलवर चालणारी जीप आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघाली होती. दिवस कलला आणि सागाच्या दाट रानात ती गचके देत थांबली. चालकाने इंजिनातून बोटाएवढा स्पार्क प्लग काढला. त्याचे टोक काजळीने माखले होते.

मुलांनो, इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबतो. नेमकी तेव्हाच ठिणगी पडली म्हणजे मिश्रण पेटते. तापलेले वायू फुगून दट्ट्यास मागे रेटतात आणि त्या रेट्याने चाके फिरतात. ही ठिणगी प्लगच्या दोन टोकांमधील, एक मिलिमीटरहूनही अरुंद अशा फटीत पडते. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. कॉइल तो हजारो व्होल्टपर्यंत चढविते, तेव्हा कोठे वीज ती फट ओलांडते. परंतु मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर काजळी बसली, की विजेला सोपी वाट मिळते. मग ती उडी कशाला घेईल? लाकडे वाहणाऱ्या डिझेलच्या ट्रकांना ही पीडा नाही. तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते.

चालकाने पेट्रोलात भिजविलेल्या फडक्याने काजळी पुसली, प्लग वाळवून परत बसविला. दुसऱ्या खेपेस इंजिन धडधडले. तोवर रानात रातकिडे ओरडू लागले होते.